हलणारी स्लाइड : ब्राउनिंगच्या पिस्तुलाची एक गोष्ट

मागच्या वर्षी गणपतीत आपल्या मंडळाच्या पोरांनी नाशिकच्या १९०९ सालच्या प्रसंगावर छोटी नाटिका बसवली होती, ती बहुतेकांना आठवत असेल. अनंत कान्हेरे झालेल्या मुलाच्या हातात आदिलाबादच्या बाजारातून आणलेलं खेळण्यातलं पिस्तूल होतं. तालमीत त्याने हात उचलला की पिस्तुलाचा वरचा भाग खुळखुळ वाजायचा आणि ऐन गंभीर प्रसंगी पोरं हसायची. "खोटं आहे ना, म्हणून वाजतंय," असं एकजण म्हणाला. खुर्ची टाकून तालीम बघत बसलेले माझे मामा म्हणाले, "खरं असलं तरी वाजतंय बाबा."

मामा किनवटचे. पोळ्याला बहिणीकडे आले की गणपती बुडवूनच परत जातात. सैन्यात ते आर्मरर होते, म्हणजे हत्यारं तपासणारे आणि दुरुस्त करणारे. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, सरकारी आयटीआयत फिटर ट्रेड शिकवतो. माझं अर्धं आयुष्य पोरांना कानस धरायला शिकवण्यात आणि दोन तुकडे एकमेकांत नीट बसतात की नाही हे बघण्यात गेलं. त्यामुळे मी लगेच म्हणालो, "मामा, वाजत असेल तर ते घट्ट करून घ्यायला नको का?" मामा नुसते हसले. त्या रात्री आरतीनंतर सुरू झालेला आमचा वाद विसर्जनापर्यंत चालला, आणि माझ्या डोक्यात तर पुढे वर्षभर. त्या निमित्ताने जे वाचलं, जे मामांकडून काढून घेतलं, ते यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहून काढतो आहे. आपल्यापैकी पिस्तूल कुणी बाळगत नाही, बाळगूही नये. पण या एका हलणाऱ्या भागात नाशिकचा, आपल्या जुन्या निजाम राज्यातल्या औरंगाबादचा आणि आमच्या फिटरांच्या धंद्याचाही इतिहास आहे.

आधी स्लाइड म्हणजे काय ते सांगतो. रिव्हॉल्व्हर सिनेमात सगळ्यांनी पाहिलंय, त्यात गोल फिरणारं चक्र असतं. अर्धस्वयंचलित पिस्तुलात चक्र नसतं. गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक असतात आणि वरचा लांबट पोलादी भाग खालच्या सांगाड्यावर, म्हणजे फ्रेमवर, रुळांवरून मागेपुढे सरकतो. हीच स्लाइड. गोळी सुटली की धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते, स्प्रिंगच्या जोराने पुढे येते आणि येताना नवीन गोळी नळीत ढकलते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. चाप मात्र प्रत्येक गोळीला वेगळा ओढावा लागतो, म्हणून 'अर्ध'स्वयंचलित. आता जो भाग एवढ्या वेगाने रुळांवर धावणार, त्याच्या आणि रुळाच्या मध्ये थोडी फट ठेवावीच लागते. आमच्या वर्कशॉपच्या भाषेत त्याला 'प्ले' म्हणतात. वाद आहे तो हा प्ले किती असावा, आणि वापरून वापरून वाढला तर कमी करावा का, याचा.

ही रचना ज्याने जगभर नेली तो जॉन मोझेस ब्राउनिंग. अमेरिकेतल्या यूटा प्रांतात ऑग्डेन गावी १८५५ साली जन्मलेला, बंदुका दुरुस्त करणाऱ्या बापाचा मुलगा. इंजिनियरिंगचं कुठलंही कॉलेज त्याने पाहिलं नव्हतं. बापाच्या दुकानातच हात काळे करून शिकला. बेल्जियममधल्या लिएजजवळच्या एर्स्ताल गावच्या एफ.एन. कारखान्याने त्याचं पिस्तूल १९०० साली बाजारात आणलं. कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेलं, स्लाइड असलेलं हे पहिलं पिस्तूल मानलं जातं. खिशात मावणारं, चपटं, सात गोळ्यांचं. पुढे याच माणसाच्या रचनेची आणखी पिस्तुलं निघाली आणि ती इतकी खपली की फ्रेंच भाषेत कुठल्याही अशा पिस्तुलाला लोक 'ब्राउनिंग'च म्हणू लागले, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं.

हे ब्राउनिंग आपल्या मराठी इतिहासात आलं ते एका पेटीच्या तळातून.

नाशिकला सावरकर बंधूंनी मित्रमेळा काढला होता. त्याचं बरंचसं काम चालायचं ते गणेशोत्सवाच्या आणि शिवजयंतीच्या आडून. कवी गोविंद मेळ्यांसाठी पदं लिहायचे आणि पोरं ती रस्त्यावरून म्हणत जायची. आज आपण मंडपात स्पीकर लावतो, तेव्हा त्या मेळ्यांच्या गाण्यांवर सरकारची नजर असायची. १९०४ साली मित्रमेळ्याची अभिनव भारत झाली. विनायकराव सावरकर १९०६ साली लंडनला गेले आणि इंडिया हाउसमध्ये राहू लागले. तिथल्या स्वयंपाक्याच्या, चतुर्भुज अमीनच्या, पेटीला खोटा तळ बसवून त्यांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं मुंबईला पाठवली. पेटी १९०९ च्या मार्चमध्ये मुंबईत पोचली. तोवर थोरले बाबाराव पकडले गेले होते. कवी गोविंदांच्या कविता छापल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला आणि जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हा खटला पुढे पाठवणारा नाशिकचा कलेक्टर म्हणजे ए. एम. टी. जॅक्सन.

जॅक्सनबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण नाटिकेत ती आपण गाळली होती. हा माणूस संस्कृतचा जाणकार होता, भारतीय इतिहासावर अभ्यास करणारा. त्याची मुंबईला बढती झाली होती, आणि नाशिकच्या लोकांनी त्याच्या निरोपासाठी विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाचा प्रयोग ठेवला होता. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री तिथे अनंत लक्ष्मण कान्हेरे या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने त्याच्यावर ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. कान्हेरे मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, पण शिकत होता औरंगाबादला. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात, आपलं बोथही त्याच राज्यात. म्हणजे ब्रिटिश मुलखात घडलेल्या या प्रकरणाचा धागा आपल्या पणजोबांच्या राज्यातून गेलेला आहे. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाला. पिस्तुलं पाठवल्याबद्दल, म्हणजे खुनाला मदत केल्याच्या आरोपाखाली, सावरकरांना ३० जानेवारी १९११ ला दुसरी जन्मठेप सुनावली गेली.

या प्रसंगाकडे कसं पाहायचं याबद्दल घराघरांत वेगवेगळी मतं आहेत आणि ती असू द्यावीत. माझं लक्ष मात्र मामांमुळे भलत्याच गोष्टीकडे गेलं. ती पिस्तुलं पेटीच्या तळाशी दाबून लंडनहून समुद्रमार्गे आली. खारट दमट हवेत काही आठवडे. मग मार्चपासून डिसेंबरपर्यंत लपवून ठेवलेली. मधे अख्खा पावसाळा, तोही नाशिकसारख्या ठिकाणचा. ती ज्यांच्याकडे होती ती शाळा-कॉलेजातली मुलं आणि लहान नोकऱ्या करणारे लोक, त्यांच्यात कुणी आर्मरर नव्हता. मी मामांना म्हटलं, "एवढं होऊनही ते चाललं कसं?" मामा म्हणाले, "सैल होतं म्हणून. कानशीने घासून चपखल बसवलेलं असतं तर पहिल्या पावसातच गंजून स्लाइड धरली असती." हा मामांचा अंदाज, कोर्टाच्या कागदात असलं काही नाही. पण हत्यारं हाताळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचा अंदाज आहे, आणि मला तो पटतो.

आता मी फिटर, माझं म्हणणंही ऐका. मी मामांना म्हटलं, ठीक आहे, चालेल, पण नेम लागणार कसा? स्लाइड इकडेतिकडे हलली तर गोळी इकडेतिकडे जाणार. मग मी कागद-पेन्सिल घेतली. ब्राउनिंगच्या त्या १९०० च्या पिस्तुलात नळी फ्रेमला पक्की जोडलेली आहे आणि नेम धरायची खूण मात्र स्लाइडवर. म्हणजे स्लाइड तिरकी झाली तर नेम आणि नळी यांची दिशा वेगळी होणार, हे खरंच. पण किती? समजा स्लाइड १५० मि.मी. लांब आहे आणि तिचं मागचं टोक एक दशांश मि.मी. बाजूला सरकलं. म्हणजे दर १५०० ला १ असा फरक. पंचवीस मीटरवर तो होईल सतरा मि.मी.च्या आसपास. तीन मीटरवर दोन मि.मी. आणि थिएटरातल्या हातभर अंतरावर एक मि.मी.सुद्धा नाही. म्हणजे शर्टाच्या गुंडीच्या जाडीपेक्षा कमी. हाताचा कंप याच्या कितीतरी पट असतो. कागद बघून मी गप्प बसलो. मामांनी चहा मागवला.

पुढच्या पिस्तुलांत तर ब्राउनिंगने हाही प्रश्न बराचसा सोडवून टाकला. त्याच्या मोठ्या, ०.४५ इंची पिस्तुलात नळी फ्रेमला पक्की नसते. गोळी सुटताना नळीच्या पाठीवरचे उंचवटे स्लाइडच्या आतल्या खाचांत अडकलेले असतात, आणि पुढचं टोक स्लाइडच्या तोंडाशी असलेल्या बुशमध्ये धरलेलं असतं. नळी आणि स्लाइड थोडं अंतर जोडीनेच मागे जातात, मग नळी खाली उतरून सुटी होते. आता गंमत बघा. नेमाच्या दोन्ही खुणा स्लाइडवर, आणि नळीही त्या क्षणी स्लाइडलाच बांधलेली. नेमबाज बघतो स्लाइडकडे. मग खालच्या फ्रेमवर स्लाइड थोडी हलली तरी नेम आणि नळी यांची सोबत सुटत नाही. बैलगाडीचं जू थोडं सैल असलं तरी दोन्ही बैल एकाच दिशेने चालतात, तसं काहीसं. उपमा मामांची आहे, आणि ती तंतोतंत नाही, हे मी त्यांना सांगितलं आहे. नळीचं मागचं टोक शेवटी फ्रेममधल्या एका खिळीवर टेकतं, त्यामुळे फ्रेमच्या प्लेचा थोडा परिणाम होतोच. पण मोठा वाटा नळी आणि स्लाइड यांच्या जोडीचा. हलणारी स्लाइड ऐकू येते, हलणारी नळी ऐकू येत नाही. लोक आवाजाला घाबरतात आणि खरा दोष तसाच राहतो.

या पिस्तुलाची परीक्षा झाली ती मार्च १९११ मध्ये, सावरकरांना दुसरी शिक्षा होऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा. अमेरिकी सैन्याला नवीन पिस्तूल हवं होतं. शेवटच्या फेरीत दोनच राहिले, कोल्ट कंपनीने बनवलेलं ब्राउनिंगचं आणि सॅव्हेज कंपनीचं. प्रत्येकातून दोन दिवसांत सहा हजार गोळ्या झाडल्या. हात भाजेल इतकं तापलं की पाण्यात बुडवून थंड करायचं आणि पुन्हा सुरू. सॅव्हेज ३७ वेळा अडलं. ब्राउनिंगचं एकदाही नाही. २९ मार्च १९११ ला ते सैन्यात घेतलं गेलं आणि पुढे सत्तरेक वर्षं राहिलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत गुडघाभर चिखल होता. जर्मन अधिकाऱ्यांकडे लुगर पिस्तूल असायचं, दिसायला देखणं, प्रत्येक तुकडा हाताने बसवलेला, बारक्या बारक्या भागांवरही नंबर घातलेले, म्हणजे एकाचा भाग दुसऱ्यात घालायचा नाही. कारागिरी बघायची तर लुगर, असं मीही म्हणेन. पण चिखल आत गेला की ती कारागिरीच अडचण व्हायची.

सैलपणाला आणखी एक कारण होतं, आणि ते आमच्या धंद्यातलं आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. युद्धात पिस्तुलं लाखांनी लागतात. एका कारखान्याचं काम नाही. दुसऱ्या महायुद्धात हेच पिस्तूल टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडने बनवलं, रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या कंपनीने बनवलं, आणि आपल्या घराघरांत जिचं शिवणयंत्र आहे त्या सिंगर कंपनीनेही सुरुवातीला पाचशे नग बनवून दिले. आता अट अशी की सिंगरची स्लाइड रेमिंग्टनच्या फ्रेमवर बसली पाहिजे. रणांगणात कानस घेऊन बसायला वेळ कुणाला आहे? मग ड्रॉइंगवर प्रत्येक मापाला वरची आणि खालची मर्यादा घालतात. सगळ्यात मोठा रूळ आणि सगळ्यात अरुंद खाच एकत्र आली तरी स्लाइड सरकली पाहिजे. तसं करायचं तर सगळ्यात बारीक रूळ आणि सगळ्यात रुंद खाच एकत्र आली की ती खुळखुळणारच. ते पिस्तूल बिघडलेलं नसतं. ते ड्रॉइंगप्रमाणेच असतं. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षातल्या पोराला हे 'लिमिट्स अँड फिट्स'च्या धड्यात शिकवतात, मी स्वतः शिकवतो. तरी मामांसमोर मी ते विसरलो.

मग कसून बसवणं हा सगळा खुळेपणाच का? तसंही नाही. १९५० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या नेमबाजी पथकांनी पन्नास यार्डांवरच्या स्पर्धांसाठी हीच जुनी पिस्तुलं घेतली, त्यांचे रूळ आणि स्लाइड दाबून, पुन्हा घासून, केसाइतकी फट उरेल अशी बसवली, नळ्या आणि बुश नवे घातले. गोळ्या खरंच जवळ जवळ पडू लागल्या. पण त्या पिस्तुलांची निगाही तशीच ठेवावी लागे. वंगण वेळेवर, धूळ नको, काडतुसं ठराविक. नेमबाजीच्या रेंजवर ते जमतं. आणि त्या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त फायदा नळी आणि बुश यांनी दिला, स्लाइड आवळण्याने त्यामानाने थोडा, असं आता जाणकार मानतात. आजच्या खेळातलं बघा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं. आशियाई खेळांत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. या प्रकारात अचूक नेमाच्या फेरीला दहा गुणांचं वर्तुळ अवघं पन्नास मि.मी. व्यासाचं असतं, आणि मघाचा सतरा मि.मी.चा हिशेब तिथे भारी पडला असता. म्हणून या खेळाच्या बऱ्याच पिस्तुलांत नळी आणि नेमाच्या खुणा दोन्ही स्थिर ठेवतात, आणि मोठ्या स्लाइडऐवजी आतला छोटा बोल्टच मागेपुढे होतो. म्हणजे खेळवाल्यांनी हलणारी स्लाइड आवळत बसण्यापेक्षा तिचा नेमाशी संबंधच तोडून टाकला. मला हे फार आवडलं.

उलट पोलिसांच्या पिस्तुलांत आता सैलपणा लपवायचंही कुणी मनावर घेत नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ साली घेतलेल्या ग्लॉकची फ्रेम प्लॅस्टिकची, आणि स्लाइड टेकते ती फक्त चार छोट्या पोलादी पट्ट्यांवर. हलवलं की हलतं. जगातल्या किती पोलिसांच्या कमरेला ते आहे याला गणती नाही.

आता मामांची गोष्ट. ती त्यांनी मला विसर्जनाच्या आदल्या रात्री सांगितली, आणि छापायला परवानगी दिली आहे, फक्त युनिटचं आणि माणसांचं नाव घालायचं नाही या अटीवर. आपल्या सैन्यात आणि पोलिसांत जे ९ मि.मी.चं पिस्तूल चालतं ते बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनतं. त्याचंही मूळ ब्राउनिंगचंच. त्याने सुरू केलेली रचना तो १९२६ साली लिएजच्या कारखान्यातच वारल्यावर दियुदोने सैव्ह या बेल्जियन माणसाने पुरी केली आणि १९३५ साली ते पिस्तूल निघालं. महायुद्धात कॅनडात बनलं, तिथून ते आपल्याकडे आलं.

मामा तेव्हा तरुण, नुकते कोर्स करून आलेले, हातात कला आहे हे दाखवायची खुमखुमी. एका अधिकाऱ्याने पिस्तूल आणून दिलं, म्हणाला, हे फार वाजतं, घट्ट करून दे. नियम असा की आर्मररने मापं घ्यायची, मर्यादेत असेल तर तेल देऊन परत करायचं, मर्यादेबाहेर असेल तर भाग बदलायला वर पाठवायचं. मामांनी माप घेतलं, मर्यादेत होतं. तरीही साहेब खूश होतील म्हणून त्यांनी रात्री बसून ते आवळलं. "असं बसवलं होतं बघ," मामा म्हणाले, "लोण्यात सुरी फिरावी तसं." साहेब खूश झाले. पुढच्या महिन्यात युनिट राजस्थानात सरावाला गेलं. दुसऱ्या दिवशी वारा सुटला, बारीक वाळू. रेंजवर त्या पिस्तुलाने तिसऱ्या गोळीला स्लाइड अर्ध्यात धरली. नळीत अर्धवट घुसलेली गोळी, मागे उघडी स्लाइड, आणि साहेब ती हिसके देऊन ओढतायत, पिस्तुलाचं तोंड शेजारच्या जवानाकडे. कुणाला काही झालं नाही. शेजारची दहा खुळखुळणारी पिस्तुलं त्याच वाळूत दिवसभर चालली. मामांना शिक्षा झाली, ती त्यांनी कमीच मानली. "ती सरावाची रेंज होती," एवढंच म्हणाले. पुढची पंचवीस वर्षं त्यांनी कुणाचंही पिस्तूल नुसतं वाजतं म्हणून आवळलं नाही, आणि साहेबलोकांची नाराजी घेतली.

मग बघायचं तरी काय, हे मी त्यांना विचारलं. त्यांची यादी छोटी. स्लाइड बंद असताना नळीचं मागचं टोक बोटाने दाबलं तर हलतं का. रुळांना किंवा स्लाइडला कुठे केसासारखी भेग आहे का. स्प्रिंग थकली आहे का, कारण थकलेली स्प्रिंग स्लाइडला जोराने मागे आपटू देते आणि त्याने भेगा पडतात. खुळखुळ अचानक वाढली का. वर्षानुवर्षं तेवढीच असेल तर ती त्या पिस्तुलाची चाल आहे, महिन्याभरात वाढली असेल तर काहीतरी तुटतंय. आणि यातलं काही आढळलं तरी उपाय आवळणं नाही, भाग बदलणं. हे सगळं जाणकाराने करायचं काम आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे हत्यार दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही वेगळा परवाना लागतो. आपल्या भागात कुणाकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक असेल, निवडणुकीच्या वेळी ती पोलीस ठाण्यात जमा करायला जाताना दिसते, त्यांनीही घरच्या हातोडीला लांब ठेवावं. जुन्या भरमारीचं तर तत्त्वच हे होतं. गोळी नळीपेक्षा थोडी बारीकच ओतायची, नाहीतर दोन बार काढल्यावर काजळी धरलेल्या नळीत ती ठासता यायची नाही. आपल्या जंगलातल्या गोंड शिकाऱ्यांना हे कुठल्या पुस्तकात वाचावं लागलं नाही.

एक गोष्ट कबूल करायची राहिली. काही वर्षांपूर्वी प्रॅक्टिकलच्या परीक्षेत एका मुलाने डव्हटेलचा सरकता जोड बनवून दिला. मी तो कानाशी धरून हलवला, वाजला, म्हणून मी त्याचे गुण कापले. शेजारच्याचा जोड घट्ट बसत होता, ढकलायला अंगठा लावावा लागत होता, त्याला मी पूर्ण गुण दिले. मामांशी वाद झाल्यावर दसऱ्याच्या सुट्टीनंतर मी स्टोअरमधून तो जुना जोड शोधून काढला. असे नमुने आम्ही ठेवून देतो. ड्रॉइंग समोर ठेवलं आणि फीलर गेज लावलं. ड्रॉइंगवर सरकता जोड मागितला होता, फट किती हवी तेही लिहिलेलं होतं. वाजणारा जोड मापात होता. अंगठ्याने ढकलावा लागणारा, ज्याला मी पूर्ण गुण दिले होते, तो नव्हता. तो मुलगा आता पुण्याजवळच्या एका कारखान्यात आहे असं ऐकलं. त्याचा नंबर मिळवला, फोन केला, आणि सांगितलं. तो म्हणाला, "सर, मला तेव्हाच माहीत होतं." बोलला नाही, कारण मास्तरांसमोर कोण बोलणार? आता प्रॅक्टिकलला मी जोड कानाशी धरत नाही, आधी फीलर गेज काढतो.

यंदाही पोरं तीच नाटिका करणार आहेत, या वेळी जॅक्सनच्या संस्कृतच्या अभ्यासाचं एक वाक्य घालून. मामा पोळ्याला आलेच आहेत. परवा तालमीला गेलो तर पोरांनी खेळण्यातल्या पिस्तुलाला वाजू नये म्हणून चिकटपट्टी गुंडाळली होती. मामांनी ते हातात घेतलं, नखाने पट्टी सोडवली, हलवून बघितलं, आणि कान्हेरेच्या हातात परत दिलं.